पंधरा तारखेचा पॅट्रिक

कायझर्सलाउटर्नला आल्यावर कुंदा निमकरने मिरजेला बहिणीला पहिला फोन लावला तो टेलिफोनच्या दुकानातून. पलीकडून बहीण म्हणाली, "अगं, तू जर्मनीत गेलीस ना? मग तुझ्या मागे हे इंग्रजी कोण बोलतंय?"

कुंदाने वळून पाहिलं. चार दांडगे अमेरिकन सैनिक आपापल्या पाळीची वाट बघत उभे होते.

"हे गावच तसं आहे," ती म्हणाली. "अर्धं जर्मनांचं, अर्धं अमेरिकनांचं. आता त्यात आपण."

हे तिने ज्या थाटात सांगितलं तो ऐकून कुणाला वाटावं, की गावाची वाटणी तिला विचारूनच झाली आहे. कुंदाचा स्वभावच तसा. नवरा भास्कर इथल्या एका संशोधन संस्थेत लागला, म्हणून २००१ साली ती चार वर्षांच्या उर्जाला घेऊन आली. आल्यावर पहिल्या दिवशी तिने पुस्तकांच्या कपाटाचा वरचा खण रिकामा करून देव मांडले आणि दुसऱ्या दिवशी दाराबाहेर, जिन्याच्या चौकात, रांगोळी काढली. "लोक काय म्हणतील?" असं भास्करने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "अहो, आधी काढू तर द्या. मग म्हणतील."

लोक म्हणालेच. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यात पांढरी पूड सांडू नये असं बजावलं. समोरचा विद्यार्थी रोज रांगोळी ओलांडून उडी मारायचा. टपालवाला सरळ पाय देऊन जायचा. फक्त वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाई, हातात काठी, तोंडाने पुटपुटत, कठड्याला धरून कडेकडेने जायच्या. दुखऱ्या पायाने तो वळसा घेणं काही सोपं नव्हतं. कुंदाने ते दाराच्या फटीतून पाहिलं आणि मनात म्हटलं, ही बाई आपल्यातली आहे.

त्या नोराबाई. नोरा हेगर्टी. कुंदा साखरभात घेऊन वर गेली तेव्हा त्यांच्या दारावर लव्हाळ्याच्या काड्यांचा विणलेला एक फुलीसारखा क्रूस टांगलेला दिसला.

"हे काय?" कुंदाने आपल्या शाळेतल्या इंग्रजीत विचारलं.

"आमच्या संत ब्रिजिडचा क्रूस. फेब्रुवारीच्या पहिल्या दिवशी नवा विणायचा. घराला आग लागत नाही."

"आणि जुन्याचं काय करता?"

"जाळते. कचऱ्यात कसा टाकणार?"

"कसा टाकणार!" कुंदा म्हणाली आणि न सांगता आत जाऊन बसली.

पुढे सात वर्षं दोघींचं जाणं-येणं राहिलं. नोराबाई सोडा घालून मनुकांचा पाव करायच्या. भाजायच्या आधी पिठाच्या गोळ्यावर सुरीने फुली मारायच्या. ते बघून कुंदाने त्यांना आपल्या स्वयंपाकघरात नेलं आणि मळून ठेवलेल्या कणकेवर उमटवलेली आपली चार बोटं दाखवली. कणकेचा गोळा गुळगुळीत ठेवायचा नाही, तो पिंडासारखा दिसतो, म्हणून बोटं उठवायची. ते तिला कुणी शिकवलं नव्हतं, आईचे हात पाहून आलं होतं. नोराबाई त्या बोटांकडे बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "फुली का मारतात ते मलाही कुणी सांगितलं नाही. नाही मारली तर मात्र पाव घशाखाली उतरत नाही."

नोराबाईंची गोष्ट कुंदाला हळूहळू, चहाच्या कपागणिक कळली. जन्म शिकागोचा. वडील आयर्लंडमधल्या मेयो नावाच्या मुलखातून पोरवयात आलेले आणि शिकागोत ट्रामवर लागलेले. गल्लीत सगळे त्यांच्याच गावाकडचे. चर्चच्या हॉलमध्ये दर शुक्रवारी नाच. नोराबाई तेव्हा साऱ्या वस्तीत पाय वाजवण्यात पहिल्या. पॅट्रिक हा त्यांचा संत. त्याच्या दिवशी शिकागोत नदीचं पाणी हिरवं करायचे, ते त्यांनी दोनदा पाहिलं होतं.

"नदीला रंग?" कुंदा म्हणाली. "आमच्याकडे माणसांना लावतात. नदीला बरं, ती ओरडत नाही."

पुढे विमानदलातल्या टॉमशी लग्न झालं, बदली झाली, टॉम गेला, त्याची कबर इथेच गावाबाहेर झाली आणि नोराबाई राहिल्या. एकदा कुंदाने विचारलं, "आयर्लंडला शेवटच्या कधी गेला होतात?"

"मी? मी आयर्लंड पाहिलंच नाहीये."

इतकी वर्षं कुंदाला वाटत होतं की या बाई तिथल्याच.

"माझं आयर्लंड शिकागोच्या एका गल्लीत होतं," नोराबाई म्हणाल्या. "तिथून जेवढं उचलता आलं तेवढं इकडे आणलं."

त्यांनी आणलं होतं ते असं. दरवर्षी सतरा मार्चला पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या, हॉलमध्ये आठ जणांचा रील नावाचा नाच. चार जोड्या, चौकोनात उभ्या. सात पावलं उजवीकडे, मग दोनदा तीन, परत सात पावलं डावीकडे, मग हात धरून गिरकी. स्वतःचा खुबा मोडल्यापासून नोराबाई खुर्चीवर बसून शिकवायच्या. नाचायला निवृत्त पोस्टमन लांग आणि त्यांची बायको, पॅरिशमधल्या तिघी आणि विमानदलाच्या तळावरच्या अमेरिकन कुटुंबांतल्या तीन बायका. मोठा डामडौल काही नाही. पन्नास-साठ माणसं, पाव, चहा आणि रील.

२००८ च्या फेब्रुवारीत कुंदा वर गेली तर नोराबाई खिडकीशी बसलेल्या. चहा विचारला नाही. समोर दोन कॅलेंडरं पसरलेली.

"काय झालं?"

"मुलगा न्यायला येतोय. ईस्टरनंतर. कायमचं, शिकागोला."

हे येणार हे दोघींनाही ठाऊक होतं. तीन मजले चढणं आता त्यांना होत नव्हतं. कुंदा जवळ जाऊन बसली.

"ते ठीक आहे," नोराबाई म्हणाल्या. "ते मी समजून घेतलंय. पण हे बघ." त्यांनी कॅलेंडरवर बोट ठेवलं. "यंदा ईस्टर इतका लवकर आलाय की सतरा तारीख पवित्र आठवड्यात पडते. येशूच्या दुःखाचा आठवडा. त्यात कोण नाचतं? आयर्लंडच्या बिशपांनीसुद्धा या वर्षी पॅट्रिक पंधराला घेतलाय. म्हणून मी पंधरा म्हटलं, शनिवार. तर तळावरच्या तिघी म्हणतात, पॅट्रिक सतरालाच. सोमवारी गावातल्या पबमध्ये मोठी पार्टी आहे, हिरव्या टोप्या, हिरवी बियर, आम्ही तिकडे जाणार. एक तर मला म्हणाली, नोरा, संताचा वाढदिवस कधी बदलतो का?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? पाच जणांचा रील होत नाही."

खरं सांगायचं तर कुंदाला यात अवघड काय आहे हेच कळेना. "अहो, त्यात काय एवढं?" ती म्हणाली. "आमची एकादशी वर्षातून कितीदा तरी दोन दिवस येते. कॅलेंडरात छापतात, आज स्मार्त, उद्या भागवत. माझ्या माहेरी भागवत पाळायचे. शेजारी आदल्या दिवशी खिचडी खाऊन मोकळे, आणि आम्ही त्यांच्या पोळीभाजीच्या वासावर उपास करायचो. म्हणून काय आमच्या आईने एकादशी सोडली? तुमची पंधरा, त्यांची सतरा. तुमच्यापाशी तीन कमी आहेत ना? तीन मी आणते."

"तू?"

"मी धरून तीन."

नोराबाईंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. कुंदाने पन्नाशी गाठली होती आणि अंगाने ती काही काडी नव्हती. "तुला नाचता येतं?"

"मिरजेत मंगळागौरीला मला लांबून बोलावणी यायची," कुंदा म्हणाली, आणि ते अक्षरशः खरं होतं.

घरी येऊन तिने आधी देवाला सांगितलं, मग भास्करला. भास्कर वर्तमानपत्रामागून म्हणाला, "म्हणजे आता हा कोणता नवीन गणपती?"

"गणपती नाही. पॅट्रिक."

अकरा वर्षांची उर्जा आईचं मराठी सगळं समजायची आणि उत्तर जर्मनमध्ये द्यायची. ती डोळे फिरवून म्हणाली, "मामा, दास इस्ट पाइनलिश!" म्हणजे लाज आणतेस गं आई.

"आणू दे," कुंदा म्हणाली. "नोराआजी जायच्या आहेत. त्यांच्यासमोर सात जणांना उभं करून एक जागा रिकामी ठेवली, तर ती खरी लाज."

दुसऱ्या दोघी तिने फोनवरच पकडल्या. एक ऊर्मिला, कार्ल्सरूहेची. तिचा नवरा मोटारीच्या कंपनीत इंजिनिअर. पुण्यात असताना तिने भोंडल्यापासून मंगळागौरीपर्यंत काही सोडलं नव्हतं. दुसरी सुकन्या, इथल्याच टेक्निकल युनिव्हर्सिटीत डॉक्टरेट करणारी. तिला फुगडीसुद्धा येत नव्हती. "काकू, माझी थिसिस आहे हो," ती म्हणाली. "थिसिस बसून करायची असते," कुंदा म्हणाली. "रविवारी दोन तास उभी राहा. पाठीला बरं."

पहिल्या तालमीत एक घोटाळा झाला. गिरकीच्या वेळी समोरच्याचे हात फुलीसारखे धरायचे असतात. लांगसाहेबांनी हात पुढे केले आणि कुंदाच्या हातांनी, तिला न विचारताच, फुगडीची पकड घेतली. पाय जुळवले, अंग मागे टाकलं आणि फिरली. लांगसाहेब उंचीने सहा फूट, पण त्यांचे पाय जमिनीवर राहीनात. चष्मा एकीकडे, रुमाल दुसरीकडे.

"आल्झो, फ्राउ निमकर!" भिंतीला टेकून ते धापा टाकत म्हणाले. "मी पेन्शनर आहे!"

नोराबाई इतक्या हसल्या की खोकला लागला. "हिला कुणी शिकवलं हे?"

"मंगळागौरीने."

"मग तिला सांग, जरा हळू."

पाय जमत होते, हात जमत नव्हते. आपल्या खेळात हात गप्प बसत नाहीत. झिम्म्यात टाळ्या, पिंग्यात कंबरेवर, काही ना काही असतंच. इथे हात अंगाला चिकटवून, शाळेत शिक्षा झाल्यासारखे सरळ. ऊर्मिला वैतागली. "अहो, मग हातांचं करायचं तरी काय?"

"विसरायचे," नोराबाई म्हणाल्या. "सगळं बोलणं पायांनी. जमीन बोलली पाहिजे."

घरी भास्कर म्हणे, "सप्तपदी एकदा चाललीस ती पुरली नाही वाटतं? दर रविवारी सात पावलं!"

"त्या सातात तुम्ही होतात," कुंदा म्हणाली. "ह्या सातात लांगसाहेब आहेत. जरा जपून बोला."

मार्च लागला तेव्हा नोराबाईंनी कुंदाला वर बोलावलं आणि पलंगाखालून एक पुठ्ठ्याचं खोकं काढायला लावलं. आत काळे चामडी बूट, जुने पण तेल लावून मऊ ठेवलेले. टाचांना बारीक खिळे ठोकलेले.

"शिकागोचे," नोराबाई म्हणाल्या. "माझ्या बाबांनी खिळे मारले. यांचा आवाज वेगळा आहे, दुसऱ्या कुठल्याच बुटांना तो नाही. पायात अजून जातात, पण पाय उचलत नाही. कुंदा, पॅट्रिकच्या दिवशी, त्याच्यासमोर, एकदा हे वाजलेले ऐकायचेत मला. मग मला खुशाल विमानात घाला."

दुसऱ्याच्या वहाणा पायात घालू नयेत, असं कुंदाच्या माहेरी सांगायचे. ते तिला आठवलं. पण या वहाणा नव्हत्या, हे तिला खोकं उघडतानाच कळलं होतं. तिने पाय घातले. मापात बसले.

त्या दिवसापासून ती तळघरात, कपडे धुवायच्या खोलीत जाऊन सराव करू लागली. घरात देव, तिथे बूट चालणार नव्हते, आणि जिन्यात शेजारी. खाली तीन यंत्रं घुरघुरत असायची आणि त्यांच्या तालावर कुंदा टाच-चवडा, टाच-चवडा. खिळे वाजायचे तेव्हा खरंच कुणीतरी उत्तर देतंय असं वाटायचं. आवाज करकरीत होता, त्यात एक हट्ट होता. नोराबाईंसारखाच, तिला वाटायचं.

पंधरा तारीख उजाडली. दुसऱ्या दिवशी ईस्टरआधीचा झावळ्यांचा रविवार, म्हणून चर्चच्या दाराशी हिरव्या डहाळ्यांच्या पेट्या येऊन पडल्या होत्या. कुंदाने हिरवं नऊवारी नेसलं. ऊर्मिलाही नऊवारीत. सुकन्याने हिरवा पंजाबी ड्रेस घातला, कारण तिला साडीत चालताही येत नसे. नोराबाई त्यांच्याकडे पाहून म्हणाल्या, "इतका हिरवा शिकागोतसुद्धा मिळायचा नाही."

"आमच्यात हा नवरीचा रंग," कुंदा म्हणाली.

नोराबाईंच्या घरातली पॅट्रिकची मूर्ती कुंदानेच हॉलवर नेली. प्लास्टरची, हातभर उंच, हिरवा झगा, हातात दंड, पायांशी पळणारे साप. देव हलवताना बोलायचं नसतं म्हणून ती वाटभर गप्प होती. मूर्ती टेबलावर ठेवून झाल्यावर मात्र राहवेना. "नोराबाई, यांनी सापांना का हो हाकललं? आमच्याकडे त्यांना पुजतात."

"म्हणून तर तुमच्याकडे गेले असतील," नोराबाई म्हणाल्या.

हॉल भरायला लागला. लोक कमीच होते, चाळीसेक. सोमवारची पार्टी असल्याने बरेच जण आले नाहीत. पण भास्कर आला होता, कोपऱ्यातल्या खुर्चीत उर्जाही होती, चेहऱ्यावर पाइनलिश लिहिलेलं. नोराबाई पहिल्या रांगेत, मूर्तीच्या समोर, खुर्चीवर काठी आडवी ठेवून बसल्या.

हॉलबाहेर कोट टांगायची जागा होती, तिला इथे गार्डरोबं म्हणतात. तिथे तिघी निऱ्या आवळत उभ्या होत्या. उघड्या दारातून आतलं दिसत होतं. मूर्तीपुढे पिवळी फुलं, दोन मेणबत्त्या. फादर प्रार्थना म्हणत होते, लोक माना लववून उभे होते. मग फादरांनी पाणी शिंपडलं आणि सगळे "आमेन" म्हणाले. ऊर्मिलाने बूट काढले. कुंदाने काढले, दोन्ही नीट जोडून भिंतीशी ठेवले. सुकन्याने काढले. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. अकॉर्डियन सुरू झाला, तिघी आत गेल्या, चौकोनात आपापल्या जागी उभ्या राहिल्या.

सात पावलं उजवीकडे. कुंदाची टाच जमिनीवर पडली आणि काहीच वाजलं नाही.

तिला आधी वाटलं, अकॉर्डियनमध्ये ऐकू आलं नसेल. मग तिचं लक्ष पायांकडे गेलं. उघडी पावलं, जोडवी. लांगसाहेबांचे बूट वाजत होते, त्यांच्या बायकोचे, त्या तिघींचे. आठातले पाच वाजत होते आणि जिथे नोराबाईंचे बूट वाजायचे तिथे एक खड्डा पडत होता.

नोराबाई डोळे मिटून, मान किंचित कलती करून बसल्या होत्या. वाट बघत होत्या. मग त्यांनी डोळे उघडले आणि कुंदाच्या पायांकडे पाहिलं.

थांबावं का? कुंदाला तो विचार शिवून गेला आणि तिने तो तिथेच टाकला. अर्धी पूजा सोडून कोणी उठतं का? तिने पदर खोचला आणि पाय टाकले, पूर्वीपेक्षा जोरात. गिरकीला लांगसाहेबांना तिने फक्त अर्धीच फुगडी दिली. ऊर्मिलाचे हात अखेरपर्यंत अंगाशी राहिले, सुकन्या एकदा चुकली आणि कुणाला कळलं नाही. रील पूर्ण झाला. टाळ्या पडल्या, भरपूर पडल्या.

कुंदा सरळ नोराबाईंपाशी जाऊन खाली बसली. "नोराबाई, चुकलं. पॅट्रिक समोर होते. प्रार्थना झाली होती. पाय आपोआप बुटांतून निघाले. मला कळलंच नाही."

हॉलमध्ये चहाची भांडी वाजायला लागली होती. नोराबाई मूर्तीकडे बघत होत्या.

"माझी आजी," शेवटी त्या म्हणाल्या, "मेयोतली. मी तिला कधी पाहिलं नाही. बाबा सांगायचे. तिथे पॅट्रिकचा डोंगर आहे. वर्षातून एकदा ती त्यावर चढायची. अणकुचीदार दगड, पाऊस, आणि ही अनवाणी. बूट दोरीने गळ्यात बांधलेले. शेजारीण म्हणायची, अगं घाल ना ते. तर म्हणायची, बूट बाजाराला. त्याच्याकडे जायचं तर पाय." त्यांनी कुंदाच्या पायांकडे बोट केलं. "गल्लीत शिकागोला कुणी अनवाणी नव्हतं. ते तेवढं तिकडेच राहिलं होतं. आज पाहिलं."

कुंदाने डोळे पुसले.

"रडू नकोस," नोराबाई म्हणाल्या. "अजून संपलेलं नाही. मला माझे बूट ऐकायचेत. जा, घालून ये."

कुंदा उठली, दोन पावलं गेली आणि परत आली. मूर्तीपुढच्या मेणबत्त्या अजून जळत होत्या.

"इथे नाही जमणार, नोराबाई."

फादर जवळच चहा घेत उभे होते. ते हसून म्हणाले, "फ्राउ निमकर, हा साधा हॉल आहे. देवाला बुटांचं काही वाटत नाही."

"देवाला वाटत नसेल, फादर," कुंदा म्हणाली. "मला वाटतं. आत्ताच अनवाणी नाचले, आता त्याच जागी बूट घालून? ते नाही व्हायचं माझ्याकडून."

आणि मग कुंदाच्या चेहऱ्यावर तो नेहमीचा थाट परत आला, ज्याची भास्करला भीती वाटत असे.

"अहो," तिने हाक मारली, "इकडे या. लांगसाहेब, तुम्हीही. या खुर्चीला दोन्ही बाजूंनी धरा. बाईंसकट. उर्जा, काठी घे."

"कुठे न्यायचंय?" भास्करने विचारलं.

"उंबऱ्यावर."

खुर्ची उचलून हॉलच्या दारात ठेवली. नोराबाईंची पाठ मूर्तीकडे झाली तशी त्या म्हणाल्या, "थांबा," आणि खुर्ची थोडी तिरकी करायला लावली. एका डोळ्याला पॅट्रिक, एका डोळ्याला गार्डरोबं. मग म्हणाल्या, "हं."

गार्डरोबं जेमतेम खोलीएवढं. चहूबाजूंनी ओले कोट, छत्र्या, मफलर. कुंदाने बूट घातले. लांगसाहेब कोटांच्या रांगेत पाठ टेकून उभे राहिले. अकॉर्डियनवाला दाराआडून वाजवू लागला. आठ जणांना जागाच नव्हती, म्हणून आधी चौघेच, मग दुसरे चौघे.

पहिली टाच पडली. त्या जमिनीखाली तळघर होतं, फळ्या पोकळ होत्या. आवाज असा उठला की हॉलमधल्या बायका चहाचे कप ठेवून दाराशी आल्या. खिळे एकेक करून, स्पष्ट, करकरीत. लांगसाहेबांच्या गिरकीत तीन कोट खाली पडले. ऊर्मिला त्यांच्यावरून नाचली. सुकन्या हसत सुटली. उर्जा भिंतीला चिकटून, काठी छातीशी धरून उभी होती आणि चेहऱ्यावरचं ते लिहिलेलं पुसलं गेलं होतं.

नोराबाईंचा चांगला पाय उंबऱ्याच्या लाकडावर चालला होता. सात, मग दोनदा तीन.

"अजून," रील संपल्यावर त्या म्हणाल्या. आणि आणखी एकदा झाल्यावरही तेच म्हणाल्या.

ईस्टरनंतर मुलगा आला आणि नोराबाई गेल्या. पॅट्रिकची मूर्ती त्यांनी मांडीवर घेऊन विमानात नेली. दारावरचा लव्हाळ्याचा क्रूस कुंदाने काढून त्यांना दिला. बूट त्यांनी नेले नाहीत. "तिकडे कोण वाजवणार?" म्हणाल्या.

कुंदाने खोकं कपाटात, हिरव्या नऊवारीशेजारी ठेवलं. भास्करने ते पाहिलं. "चपला आणि साडी एका खणात? तुझ्या घरात?"

"त्या चपला नाहीत."

"मग काय आहेत?"

"नोराबाईंच्या आहेत," कुंदा म्हणाली, आणि विषय संपला.

पुढच्या वर्षी पॅट्रिक आपल्या नेहमीच्या दिवशी, सतरा तारखेला आला, तेव्हा कुणाशी भांडायची गरज पडली नाही. दुपारी, शिकागोत सकाळ झाली असेल असं बघून, कुंदाने फोन लावला. नोराबाईंचा आवाज बारीक झाला होता, पण विचारलं त्यांनी आधी तेच. "बूट कुठे आहेत?"

"पायात. जरा थांबा."

तिने फ्लॅटचं दार उघडलं. घरात नाही, देवापुढे नाही. जिन्यातल्या चौकात, रांगोळीपासून हातभर लांब. उर्जाने फोन दगडी फरशीजवळ धरला आणि कुंदाने पाय टाकले. सगळा जिना वरपासून खालपर्यंत घुमला. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडून वर पाहिलं. समोरचा विद्यार्थी अर्धवट मोजे घालून बाहेर आला. कुंदाने त्या दोघांनाही मान डोलावली आणि सात पावलं पूर्ण केली.

उर्जाने फोन तिच्या कानाला लावला.

पलीकडून नोराबाई म्हणाल्या, "उजवा बरा आहे. डावा पाय अजून मिरजेतच आहे. पुन्हा."

कुंदाने पदर खोचला.